मेगालोडॉन काय खायचा? आणि हे आपल्याला कशावरून कळलं?



डायनोसॉर आणि शार्क या दोन विषयांचं मुलांना विलक्षण वेड असतं. वर्गात नुसतं नाव काढलं तरी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरसावून बसतात. त्यातही मेगालोडॉन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा तो अवाढव्य शार्क, मुलांना मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे चांगलाच ओळखीचा झालाय. त्याचं नाव, त्याची लांबी, त्याने कुणाला हरवलं असतं, सगळं त्यांना पाठ असतं. पण एकदा विचारून बघा, "हे कशावरून?" उत्तर ठरलेलं असतं: "व्हिडिओत दाखवलं!"

आजचा लेख या "कशावरून?"साठी आहे. मेगालोडॉनला कुणी माणसाने पाहिलेलं नाही. त्याचा अख्खा सांगाडाही आजवर सापडलेला नाही. तरी तो काय खायचा, कसा चावायचा, पिल्लं कुठे वाढवायचा, याबद्दल शास्त्रज्ञ बरंच काही सांगू शकतात. ते कसं, हे मुलांना समजलं तर तुमचा विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम झाला असं समजा.

सापडतात ते फक्त दात. का बरं?

आधी मुलांना स्वतःचा कान दुमडून बघायला सांगा. मग नाकाचा शेंडा हलवून बघायला सांगा. आत काहीतरी टणक आहे, पण हाडासारखं कडक नाही. ही कूर्चा. शार्कचा संपूर्ण सांगाडा याच कूर्चेचा असतो. कोकणातल्या मुलांना हे सांगावंही लागत नाही. मोरी किंवा मुशी घरी शिजते तेव्हा तिचा काटा सुरमईसारखा टोचत नाही, हे त्यांनी ताटात अनुभवलेलं असतं. मोरी म्हणजे लहान शार्कच.

प्राणी मेला की कूर्चा लवकर कुजते. हाडं चिखलात गाडली जाऊन हळूहळू दगड होऊ शकतात, पण कूर्चेला तेवढा अवधी क्वचितच मिळतो. दातांचं मात्र उलटं आहे. त्यांच्यावर अतिशय कठीण लुकणाचा थर असतो. शिवाय शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकत येतात. आपल्याला दुधाचे आणि कायमचे असे दोनच संच मिळतात, शार्क मात्र आयुष्यात हजारो दात गाळतो. समुद्राच्या तळाशी पडलेले हे दात गाळात गाडले गेले आणि त्यांचे जीवाश्म झाले.

म्हणून मेगालोडॉनचे दात जगभर सापडतात आणि बाकीचं शरीर जवळजवळ सापडतच नाही. त्याचे मोठे दात १७ सेंटिमीटरच्या आसपास भरतात. पट्टीने वहीवर १७ सेंटिमीटरची तिरकी रेघ मारून तिच्यावर त्रिकोणी दात काढायला लावा. तिसरीतल्या मुलाचा पंजा त्यात सहज झाकला जातो. शेजारी आजच्या पांढऱ्या शार्कचा पाच-सहा सेंटिमीटरचा दात काढला की फरक शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

दगडाची जीभ

हे दात माणसाला फार जुन्या काळापासून सापडत आलेत, पण ते दात आहेत हेच लोकांना माहीत नव्हतं. युरोपात त्यांना 'जिभेचे दगड' म्हणत. रोमन लेखक प्लिनीने तर ते आकाशातून पडतात असं लिहून ठेवलं होतं. माल्टा बेटावर ते खूप सापडायचे. ते सापाच्या जिभांचे दगड झालेत आणि विषावर उतारा आहेत अशी तिथे समजूत होती. श्रीमंत लोक ते जवळ बाळगत, जेवणाच्या टेबलावरही ठेवत.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक मोठा शार्क पकडला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याने त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याकडे पाठवलं. स्टेनोने ते फाडून नीट पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की या शार्कचे दात आणि ते 'जिभेचे दगड' हुबेहूब सारखे आहेत. असं म्हणणारा तो पहिलाच नव्हता. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला: समुद्रातल्या प्राण्याचा दात डोंगरातल्या खडकात कसा गेला? त्याचं उत्तर शोधताना गाळाचे थर एकावर एक साचतात, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम त्याने १६६९ साली मांडला. आज भूगोलाच्या पुस्तकात आपण खडकांचे थर शिकवतो, त्याच्या मुळाशी शार्कचा एक दात आहे!

पुढे स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी १८३३ ते १८४३ या काळात जीवाश्म माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या शार्कला 'मेगालोडॉन' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मोठा दात'. बघा, नावसुद्धा दातावरूनच पडलं.

लांबी किती? खरं उत्तर: कोणत्या वर्षी विचारताय?

माझ्या वर्गात एकदा यावरून जोरदार वाद झाला. एकाने ठणकावून सांगितलं, तीस मीटर. दुसरी म्हणाली, पंधरा. दोघांनीही ते छापील पुस्तकात वाचलेलं होतं आणि दोघंही माझ्याकडे निकालासाठी बघत होती. मी निकाल दिला नाही. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी एक रिकामा रकाना आखला. त्याला नाव दिलं, 'कशावरून?'. तो रकाना भरला तर साधारण असा दिसतो.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये बॅशफर्ड डीन यांनी मेगालोडॉनचा प्रचंड जबडा उभा केला. त्यात माणसं उभी राहून फोटो काढत. त्यावरून लांबी निघाली सुमारे ३० मीटर. पण खऱ्या शार्कच्या जबड्यात सगळे दात सारखे नसतात, कडेचे लहान होत जातात. डीन यांच्या जबड्यात कडेलाही मोठेच दात बसवले होते, त्यामुळे जबडा फुगला आणि शार्कही लांबला.

नंतर शास्त्रज्ञांनी पांढऱ्या शार्कचा दात आणि लांबी यांचं प्रमाण काढून त्रैराशिक मांडलं. दात इतका तर शार्क एवढा, मग दात तिप्पट तर शार्क किती? मुलांना हे गणित लगेच जमतं. त्यातून उत्तरं साधारण १५ ते २० मीटरच्या दरम्यान आली. पण यातही एक गृहीत होतं: मेगालोडॉन म्हणजे मोठा केलेला पांढरा शार्कच. दोघांचे दात वरवर सारखे दिसतात म्हणून आधी त्यांना जवळचे नातलग मानत. आज बहुतेक शास्त्रज्ञ मेगालोडॉनला वेगळ्या कुळातला मानतात. मग शरीराची ठेवण सारखी असेल कशावरून?

इथे मणके मदतीला आले. बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात एकाच मेगालोडॉनचे सुमारे दीडशे मणके सापडले होते. ते ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहेत. ही अपुरी माळच ११ मीटर भरते, आणि यात डोकं आणि शेपटीचं टोक नाही. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलयं असतात तशी शार्कच्या मणक्यातही असतात. २०२१ साली यातल्या एका मणक्याची आतून तपासणी केली तेव्हा ४६ वलयं मोजता आली. म्हणजे हा शार्क मेला तेव्हा सुमारे ४६ वर्षांचा होता. जन्मताना तो निदान दोन मीटरचा असावा, असंही त्यावरून दिसलं. नंतरचा अंदाज तर त्याहूनही जास्त आहे.

डेन्मार्कमध्ये याहून मोठे, २३ सेंटिमीटर रुंदीचे मणके सापडलेत. म्हणजे आपल्या घरातल्या लहान ताटाएवढा एकेक मणका. २०२५ साली केन्शू शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक जातींच्या शार्कची प्रमाणं ताडून पाहिली आणि त्या मणक्यांवरून लांबी काढली, सुमारे २४ मीटर. त्यांच्या मते तो पांढऱ्या शार्कसारखा गुबगुबीत नव्हता, बराच सडपातळ होता.

म्हणजे ३०, मग १५ ते २०, आता २४. "मग शास्त्रज्ञ सारखे चुकतातच की!" असं मुलं म्हणतील. म्हणू द्या. मग विचारा, प्रत्येक वेळी आकडा का बदलला? कुणाला वाटलं म्हणून? नाही. नवा पुरावा आला, किंवा जुन्या पुराव्यातली ढिलाई कुणीतरी दाखवली म्हणून. प्रश्नपत्रिकेत "मेगालोडॉनची लांबी किती?" असा एका गुणाचा प्रश्न घालून आपण ही सगळी गंमत मारून टाकतो. त्यापेक्षा "मेगालोडॉनच्या लांबीचे आकडे का बदलत गेले?" हा प्रश्न घाला. उत्तर दोनच ओळींचं येईल, पण ते मुलाचं स्वतःचं असेल.

आता मुख्य मुद्दा: जेवण

काय खायचा हे ओळखायचे चार पुरावे आहेत. एकेक बघू.

पहिला पुरावा, दाताचा आकार. घरातल्या हत्यारांचं उदाहरण द्या. विळी, सुई आणि वरवंटा. सुईसारखे बारीक दात निसटता मासा पकडायला. वरवंट्यासारखे सपाट दात शिंपले-कवच फोडायला. आणि विळीसारखे धारदार दात मांस कापायला. मेगालोडॉनचा दात रुंद, त्रिकोणी, जाड, आणि दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते. मोठ्या प्राण्याचं मांस कापायचं हत्यार आहे हे.

दुसरा पुरावा, चाव्याची ताकद. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रो आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या शार्कच्या जबड्याचं संगणकावर प्रारूप तयार केलं. मोठ्या पांढऱ्या शार्कचा चावा सुमारे १८ हजार न्यूटन आला. तेच गणित मेगालोडॉनला लावलं तर १ लाख ८ हजार ते १ लाख ८२ हजार न्यूटन, म्हणजे सहा ते दहा पट. हा मोजलेला नाही, काढलेला आकडा आहे, हे मुलांना जरूर सांगा. मोजणं वेगळं आणि अंदाज बांधणं वेगळं.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो: दुसऱ्याच्या हाडांवरच्या खुणा. कूर्चेचा शार्क नाहीसा झाला, पण त्याने ज्यांना खाल्लं त्या देवमाशांना हाडं होती, आणि ती टिकली.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यालगत पिस्को नावाचे खडकांचे थर आहेत. आज ते कोरडं वाळवंट आहे, पण ७० लाख वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तिथल्या एका लहान देवमाशाच्या आणि सीलच्या हाडांवर मोठ्या दातांचे ओरखडे सापडले. काही खुणांमध्ये करवती कडेच्या बारीक रेघासुद्धा उमटल्यात. २०१७ साली इटलीचे अल्बेर्तो कोलारेता आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून त्या मेगालोडॉनच्या असाव्यात असं म्हटलं. हा देवमासा सुमारे पाचच मीटरचा होता. आजच्या निळ्या देवमाशासारखे राक्षस तेव्हा फारसे नव्हते. म्हणजे मेगालोडॉनचं रोजचं जेवण हे मध्यम आकाराचे देवमासे, सील असं असावं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या एका खाणीत देवमाशाची एक बरगडी मिळाली. तिच्यावर सारख्या अंतराने तीन चाव्याच्या खुणा आहेत. पण गंमत पुढे आहे. त्या खुणांभोवती नवं हाड तयार व्हायला लागलेलं दिसतं. आपला हात मोडला की प्लास्टरच्या आत असंच नवं हाड भरतं. म्हणजे चावा बसला, देवमासा निसटला, आणि त्यानंतर काही आठवडे तरी जगला! चावणारा मेगालोडॉनचा बच्चा होता की दुसरा कुणी मोठा शार्क, हे त्या बरगडीवरून सांगता येत नाही. पण तीन खुणांतून एका पळापळीची गोष्ट कळते. ही गोष्ट वर्गात सांगताना मी मध्येच थांबते आणि विचारते, "तो वाचला हे कशावरून?" ज्याचा हात कधीतरी मोडलाय ते मूल सगळ्यात आधी उत्तर देतं.

चौथा पुरावा दाताच्या आत दडलाय. नायट्रोजनचे दोन प्रकार असतात, एक थोडा हलका आणि एक थोडा जड. शेवाळ छोट्या जिवाने खाल्लं, त्याला लहान माशाने, त्याला मोठ्या माशाने, अशी प्रत्येक पायरी चढताना शरीरात जड नायट्रोजनचं प्रमाण थोडं थोडं वाढतं. दातात ते टिकून राहतं. अन्नसाखळी आपण मुलांना बाण काढून शिकवतो, ती दातात जणू नोंदवलेलीच असते. २०२२ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने मेगालोडॉनचे दात तपासले, तेव्हा तो अन्नसाखळीच्या अगदी वरच्या पायरीवर निघाला. शिकाऱ्यांची शिकार करणारा शिकारी.

पण थांबा. दातातल्या जस्ताचीही अशीच तपासणी करता येते. जर्मनीत सापडलेल्या सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या दातांवरचा असा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मेगालोडॉन सर्वात वरच्या पायरीवर होता खरा, पण फक्त मोठ्या शिकारीवर अडून बसणारा नव्हता. खालच्या पायऱ्यांवरचे प्राणीही त्याला चालत. जिथे जे मिळेल ते, असा हिशोब. म्हणजे 'फक्त देवमासे खाणारा राक्षस' हे व्हिडिओतलं चित्रही पूर्ण खरं नाही.

लहानपणी मात्र तोही बिचारा लहानच असायचा. मध्य अमेरिकेतल्या पनामामध्ये सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मेगालोडॉनचे बरेचसे दात छोटे सापडले. कातालिना पिमिएन्तो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलं की तो उथळ समुद्र पिल्लांचं पाळणाघर असावा. उथळ पाणी, भरपूर मासे आणि मोठ्या शत्रूंपासून आडोसा. एवढा मोठा प्राणी, पण पोरांची काळजी त्यालाही.

आणखी दोन नमुनेदार दात

मेगालोडॉनच्या कितीतरी आधीही मोठे शार्क होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आज गव्हाची शेतं आहेत. साडेआठ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता आणि त्यात क्रेटॉक्सिरायना नावाचा सहा-सात मीटरचा शार्क फिरायचा. तिथे सापडलेल्या टेरॅनोडॉन या उडणाऱ्या सरीसृपाच्या मानेच्या मणक्याशी या शार्कचा एक दात अडकलेला आहे. पाच मीटर पंखांचा प्राणी आणि मानेत शार्कचा दात! २०१८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आता मुलांना विचारा: शार्कने उडी मारून त्याला हवेत पकडलं? की तो पाण्यावर तरंगत होता? की आधीच मेलेला होता? दात एवढंच सांगतो की चावा बसला. बाकीचं सांगत नाही. पुरावा कुठे संपतो आणि आपली कल्पना कुठे सुरू होते, हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

दुसरा हेलिकोप्रिऑन. सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, शार्कचा लांबचा नातलग. याचे दात लाकूड कापायच्या गोल पात्यासारखे एका वेटोळ्यात रचलेले. १८९९ साली रशियन शास्त्रज्ञ कार्पिन्स्की यांनी त्याचं वर्णन केलं, पण हे वेटोळं शरीरात कुठे बसवायचं तेच कुणाला कळेना. कुणी नाकावर काढलं, कुणी पाठीवर, कुणी शेपटीवर. २०१३ साली अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या एका जीवाश्माचं सीटी स्कॅन केलं आणि कोडं सुटलं: ते खालच्या जबड्यात मधोमध होतं. दात फारसे झिजलेले नाहीत, म्हणून तो कठीण कवचाचे प्राणी न खाता माकुळासारखं मऊ काहीतरी खात असावा. मुलांना आधी फक्त वेटोळ्याचं चित्र द्या आणि प्राणी स्वतः पूर्ण करायला सांगा. वीस मुलं वीस प्राणी काढतील. मग खरं उत्तर दाखवा.

"बाई, तो अजून जिवंत आहे ना?"

हा प्रश्न येतोच. आणि तो हसण्यावारी नेऊ नका.

आमची शाळा किनाऱ्यावरची. बऱ्याच मुलांचे वडील होडीवर जातात. तिसरीतला एक मुलगा मध्यंतरी वडील समुद्रावर गेले की रात्री झोपेना. आईने विचारलं तेव्हा कळलं, मोठ्या भावाच्या मोबाईलवर त्याने 'जिवंत मेगालोडॉन बोट गिळतो' असा व्हिडिओ पाहिला होता. घरच्यांनी आधी "असं काही नसतं" म्हणून सांगितलं. पण त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं! नुसत्या 'नसतं'ने ते कसं पुसणार?

अशा मुलाला गप्प करू नका, पुरावा द्या. एकेक करून विचारा.

शार्क आयुष्यात हजारो दात गाळतो. मेगालोडॉन जिवंत असता तर त्याचे ताजे, पांढरे दात कुठेतरी मिळाले नसते का? सापडतात ते सगळे दगड झालेले. सर्वात अलीकडचे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे. आपल्यासारखी माणसं तर पृथ्वीवर साधारण ३ लाख वर्षांपासूनच आहेत.

त्याने चावलेले देवमासे आज कुठे दिसतात का? नाही.

"खूप खोल समुद्रात लपलाय" असं व्हिडिओत म्हणतात. खोल समुद्रात गार पाणी आणि अन्नाची वानवा. २०२३ सालच्या अभ्यासात दातांवरून दिसलं की मेगालोडॉनचं शरीर आसपासच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंशांनी उबदार होतं. एवढं मोठं, उबदार शरीर चालवायला भरपूर खाणं लागतं. ते तळाशी कुठून मिळणार?

या अफवेलाही एक मूळ आहे. 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांचा अभ्यास केला. तेव्हा पॅसिफिकच्या तळातून मेगालोडॉनचे दात वर आले. १९५९ साली एकाने त्यांच्यावर साचलेल्या मँगनीजच्या थराच्या जाडीवरून ते अवघे ११ ते २४ हजार वर्षांचे असल्याचं गणित मांडलं. पण हा थर सगळीकडे सारख्या वेगाने साचत नाही, त्यामुळे ते गणित टिकलं नाही. अफवा मात्र टिकली, आणि पुढे कादंबऱ्या, सिनेमे आणि बनावट माहितीपटांनी ती पोसली.

त्या मुलाला मी हे सगळं एका दिवसात सांगितलं नाही. आठवडाभर रोज एक प्रश्न घेतला आणि उत्तर त्यालाच शोधायला लावलं. शेवटी तो म्हणाला, "बाई, जिवंत असता तर बाबांच्या जाळ्यात एक तरी दात आला असता." मला वाटतं, हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल.

मग तो संपला कसा?

एकच कारण सांगता येत नाही. समुद्र गार होत गेले, किनारे बदलले. त्याचे आवडते मध्यम आकाराचे देवमासे कमी झाले. त्याच सुमारास पांढरा शार्क पसरत होता. तो लहान, त्याला कमी अन्न पुरे. २०२२ साली दातांतल्या जस्तावरून असंही दिसलं की काही ठिकाणी दोघं अन्नसाखळीच्या एकाच पायरीवर जेवत होते. ज्याला जास्त लागतं, टंचाईत त्याचे हाल आधी होतात. सगळ्यात मोठा असणं म्हणजे सगळ्यात सुरक्षित असणं नव्हे, ही गोष्ट मुलांना इथे आपोआप कळते.

आपल्याकडे का सापडत नाहीत?

महाराष्ट्रातली मुलं हे हमखास विचारतात. आपला बहुतेक दगड लाव्हारसाचा, काळा बेसॉल्ट. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. जीवाश्म मिळतात ते मुख्यतः गाळाच्या खडकांत. म्हणून सह्याद्रीच्या कड्यात शार्कचा दात शोधून उपयोग नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला गाळाचे थर उघडे आहेत, तिथे डायनोसॉरचे अवशेष मिळालेत. ओडिशात बारिपदाजवळ मेगालोडॉनच्या काळातल्या, म्हणजे मायोसीन थरांत शार्कचे दात मिळतात. राजस्थानात जैसलमेरला तर त्याहून कितीतरी जुन्या, ज्युरासिक काळातल्या शार्कचे दात मिळाले. वाळवंटात शार्क! मुलांना नकाशात ही ठिकाणं दाखवा आणि तिथे एके काळी काय असेल ते त्यांनाच सांगू द्या.

वर्गात आणि घरी करता येण्यासारखं

१. मैदानावर दोरीने ११ मीटर मोजा. ही बेल्जियमची मणक्यांची माळ, जवळपास आपल्या लाल एसटीएवढी. मग २४ मीटरवर खूण करा. किती मुलं हात पसरून ओळीत उभी राहिली की तेवढी लांबी भरते ते मोजा.

२. ओल्या मातीच्या किंवा कणकेच्या गोळ्यावर कंगवा, चमचा, करवतीचं पातं (हे मोठ्यांनीच हाताळावं) यांचे ठसे उमटवा. एका गटाने ठसे करायचे, दुसऱ्याने हत्यार ओळखायचं. पिस्कोच्या हाडांवर शास्त्रज्ञांनी हेच केलं.

३. किनाऱ्याजवळ राहत असाल तर कोळणीकडून मोरीचा जबडा मागून आणा. साफ करून, उन्हात वाळवला की मागे दडलेल्या दातांच्या रांगा दिसतात.

४. पालकांसाठी: मुलासोबत शार्कचा एखादा व्हिडिओ पाहा आणि वहीत दोन रकाने करा. 'काय सांगितलं?' आणि 'कशावरून?' दुसरा रकाना किती रिकामा राहतो ते मुलालाच बघू द्या. बंदी घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. शार्कचे दात सापडतात, पण सांगाडा का सापडत नाही?
२. देवमाशाच्या बरगडीवरून तो चाव्यानंतर जगला हे कसं कळलं?
३. मेगालोडॉनच्या लांबीचे आकडे का बदलत गेले?
४. टेरॅनोडॉनच्या मानेतल्या दातावरून कोणती गोष्ट नक्की सांगता येते आणि कोणती नाही?
५. मेगालोडॉन आज जिवंत असता तर आपल्याला कोणकोणत्या खुणा दिसल्या असत्या?

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलं जितक्या खुणा सुचवतील तितक्या फळ्यावर लिहा. तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते मलाही नक्की कळवा.